अकराशे वाक्यं

५ मार्च, गुरुवार

माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा आत्या एकदा म्हणाली होती, "दमलेली असशील तेव्हा हो म्हणू नकोस. उद्या सांगते म्हण." ती खिडकीचे पडदे शिवत होती, तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे वाक्य दातांच्या फटीतून आलं. बावीस वर्षं झाली त्याला. आज दुपारी पावणेदोनला ते आठवलं. पाच मिनिटं आधी आठवायला हवं होतं.

काय कसं झालं ते क्रमाने लिहून ठेवते. उद्या कोणी विचारलं तर माझं मलाच आठवायचं नाही.

सकाळी साडेदहाला कर्नलचा अपडेट टाकला. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. तो बदलला की मशीन एकदा बंद करून चालू करायचं, एवढंच. अकरा वर्षं मी हे करते आहे, हात धुण्याइतकं सवयीचं झालं आहे. सर्व्हर चालू झाला, हिरवा दिवा लागला, मी चहा घ्यायला गेले. परत आले तर स्क्रीनवर तक्रारींच्या ओळींमागून ओळी. नव्या कर्नलचं आमच्या जुन्या डिस्कशी जमत नव्हतं. कोणती फाइल डिस्कवर कुठे ठेवली आहे याची मशीनची स्वतःची एक वही असते, तिला फाइल सिस्टीम म्हणतात. माझा चहा होईपर्यंत हा नवा कर्नल त्या वहीत खाडाखोड करत बसला होता.

इथपर्यंत माझी चूक नाही. इथून पुढे आहे.

अशा वेळी आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढायची आणि दुरुस्ती नकलेवर करायची. हे मी इतरांना शिकवते. नकलेला सहा तास लागले असते. तीनला रेकॉर्डिंग होतं, रेकॉर्डिंग घेणारी ताई दोनदा दारात डोकावून गेली होती, माझ्या अंगात कालचा ताप होता. मी जुना कर्नल परत लावला आणि दुरुस्तीचा प्रोग्रॅम मूळ डिस्कवरच चालवला. तो प्रत्येक बिघाडापाशी थांबून विचारतो. ही नोंद पुसू का? हा तुकडा सोडवून घेऊ का? पहिल्या वीस-पंचवीस प्रश्नांना मी वाचून उत्तर दिलं. मग 'सगळ्याला हो' असं सांगितलं आणि डोकं टेबलावर टेकवलं.

त्याने एकूण तीन हजार एकशे चार प्रश्न विचारले. सगळ्यांना हो.

डोकं वर केलं तेव्हा आवाजांचं फोल्डर रिकामं होतं. जे काही वाचलं ते मशीनने एका वेगळ्या फोल्डरमध्ये नेऊन टाकलं होतं. 'हरवलं-सापडलं' अशा अर्थाचं त्याचं नाव असतं, कारखान्यातूनच तसं येतं. आत हजारो फाइली. एकीवरही नाव नाही, तारीख नाही, नुसते आकडे.

६ मार्च, शुक्रवार

दुसरी प्रत आहे म्हणून काल धीर होता. ती प्रत रोज रात्री पहिलीची हुबेहूब नक्कल करते. काल रात्री तिने प्रामाणिकपणे रिकाम्या फोल्डरची नक्कल केली. तिला थांबवायचं मला सुचलं नाही.

तिसरी प्रत एका बाहेरच्या डिस्कवर असते. सर्व्हरच्या खोलीला आग लागली तर लांब असावी, म्हणून ती मीच रेकॉर्डिंगच्या खोलीतल्या कपाटात ठेवली होती. दर शुक्रवारी दुपारी तिच्यावर आपोआप प्रत होते. आज उघडून बघितली. शेवटची प्रत १६ जानेवारीची. त्यानंतर आजचा धरून सात शुक्रवार काही नाही. प्रत झाली नाही की मला मेल येतो, पण अशा मेलांचा एक वेगळाच कप्पा करून ठेवला आहे आणि तो मी उघडत नाही. माझ्याच प्रोग्रॅमचं काहीतरी अडलं असणार.

आमचं केंद्र लहान आहे. ज्यांच्या घशाचं ऑपरेशन होऊन आवाज जाणार असतो, ते आधी आमच्याकडे येऊन अकराशे वाक्यं वाचतात. त्यांवरून आम्ही बोलणारं यंत्र तयार करतो. माणूस बोटांनी लिहितो, यंत्र त्याच्या आवाजात बोलतं. सात आठवड्यांत तिघांनी वाक्यं वाचली. एक निवृत्त शिक्षिका, त्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, त्या परत येऊन वाचतील. एक बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणारे निवेदक. आणि निवेदकांचा धाकटा भाऊ.

निवेदकांचं ऑपरेशन वीस फेब्रुवारीला झालं. त्यांना परत वाचायला बोलावता येणार नाही.

संचालकांना सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, आणि तेच अवघड गेलं. म्हणाले, "घरच्यांना आत्ता काही बोलू नका. काय निघतंय ते बघू आधी."

मी हो म्हटलं.

घरी आले तर नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्याच्या ऑफिसचं काहीतरी विचारत होता. दोनदा विचारलं बहुतेक. मी म्हटलं, हो, बरं, ठरव तू. त्याने बाह्या वर सरकवल्या. मग भांडी घासायला लागला, माझी पाळी असून.

९ मार्च, सोमवार

शनिवार-रविवार ऐकत होते. शिक्षिकाबाईंचा आवाज लगेच वेगळा काढता आला. उरल्या एक हजार सहाशे चाळीस फाइली, दोघा भावांच्या. दोघांची मिळून बावीसशे असायला हव्या होत्या. म्हणजे साडेपाचशेच्या वर कायमच्या गेल्या. यंत्राला एका माणसाची सहाशे वाक्यं पुरतात. निवेदकांची तेवढी या ढिगात बहुतेक असतील. फक्त कोणती त्यांची आणि कोणती भावाची ते कळत नाही.

वाक्यं विचित्र आहेत. भाषेतले सगळे आवाज यावेत म्हणून ताईने जुळवलेली. 'ढगाळ दुपारी घोड्याने छत्री चघळली.' 'आजोबांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला.' 'ठेंगण्या झाडाखाली ऋषी शिंकला.' प्रत्येक वाक्य दोनदा ऐकायचं, एकदा मोठा भाऊ, एकदा धाकटा, आणि दोन्ही वेळा तेच खर्जातलं, सावकाश, गाडी सुटायला अजून वेळ आहे असं वाटायला लावणारं बोलणं. पहिल्या आठवड्यात निवेदक प्रत्येक वाक्य घोषणेसारखं वाचायचे. ताई म्हणायची, "दादा, गाडी सोडू नका, नुसतं बोला." आणि धाकटा आला तो मुद्दाम दादाची नक्कल करत. ताईने हसून चालवून घेतलं. बोलण्याच्या ढबीवरूनही ओळखायची सोय राहिली नाही.

धाकट्याचा आवाज का घेतला तेही लिहून ठेवते. शेवटी शेवटी निवेदकांचा आवाज दुपारनंतर बसायचा. एखादं वाक्य फारच खराब आलं तर भरायला असावं, असं ताईला वाटलं.

१० मार्च, मंगळवार

ताई दिवसभर माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसली होती. तिचं हे काम नाही. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो तिचा, आज कामापुरतं बोलली. माझ्यावर रागावली आहे. रागावायला जागाही आहे, महिनाभर ती त्या खोलीत त्यांच्यासमोर बसली होती.

"हा धाकटा," ती म्हणाली.

"कशावरून?"

"शेवटचा शब्द गिळलाय."

पुढची लावली. "हाही धाकटा."

"ताई, तेच वाक्य आहे हे. दोन्ही धाकटे कसे असतील?"

"मग एक दादा."

"कुठला?"

तिने दोन्ही परत लावून ऐकल्या. म्हणाली, "घोडा, छत्री आणि हे दोघे. वेड लागेल मला." पण हसली नाही.

११ मार्च

आवाज ओळखणारा एक प्रोग्रॅम आणून चालवला. त्याच्या मते पहिली फाइल निवेदकांची असण्याची शक्यता बावन्न टक्के. दुसरीही बावन्न. मी तो बंद केला.

१३ मार्च, शुक्रवार

धाकट्याला बोलावलं. तो दुरुस्तीची कामं करतो, नळाची, पंपाची. बोटांना ग्रीस होतं, हेडफोनला लागू नये म्हणून कानाच्या बाजूने दोन बोटांनी धरून बसला होता. फाइलींवरची नावं गेलीत एवढं त्याला सांगितलं. खोटं नव्हतं ते.

वीस वाक्यं ऐकून म्हणाला, "ही माझी. ही पण माझीच असणार." त्यात निवेदक नाव नोंदवायला आले तेव्हाच्या चाचणीच्या, जानेवारीच्या प्रतीत वाचलेल्या दोन होत्या, त्या नक्की निवेदकांच्या, मला माहीत होतं. त्या दोन्ही त्याने स्वतःच्या म्हणून सांगितल्या.

"नाही जमायचं मला," हेडफोन काढत म्हणाला. "आपला आवाज आपण आतून ऐकतो. बाहेरून कसा येतो ते कुणाला माहीत? वहिनी तर फोनवर मलाच सांगायची, येताना दूध आणा म्हणून. मी नेऊनही द्यायचो."

"मग कोण ओळखेल?"

"दादा. सव्वीस वर्षं स्वतःचा आवाज भोंग्यातून ऐकत आलाय तो. एकदा मी गंमत म्हणून त्याच्या जागी बसून घोषणा केली होती, तो बाहेर चहा पीत होता. कप ठेवून आत आला. म्हणाला, हा मी नाही."

दारात थांबून त्याने विचारलं, "नावंच गेलीत ना फक्त?"

मी म्हटलं, "सध्या तरी."

तो मान हलवून गेला. घरी काही बोलणार नाही बहुतेक.

१४ मार्च, शनिवार

निवेदकांनी ऑपरेशनच्या आधी, भावाचं वाचन झाल्यावर भरलेला अर्ज काढून वाचला. 'इतर सूचना' या रकान्यात लोक काही लिहीत नाहीत. त्यांनी लिहिलं आहे, ठळक, सुटं अक्षर: 'यंत्रात फक्त माझाच आवाज असावा. भावाचा मिसळू नये. उसना आवाज नको. तसेच यंत्र पूर्ण होईपर्यंत मला माझा आवाज ऐकवू नये. अर्धवट परत आलेला माणूस बघवत नाही.'

ज्याला एकट्याला ओळखता येईल, त्यानेच ऐकवू नका म्हणून लिहून दिलं आहे.

१५ मार्च, रविवार

नवऱ्याने माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली आणि तिची चेन लावून-उघडून बघत बसला होता. माळा आवरतोय वाटतं. बरं झालं, कोणीतरी आवरायलाच हवा होता. दुपारी मला बोलावून वॉशिंग मशीनचा मागचा पाइप निघाला तर कसा बसवायचा ते दाखवलं. मी म्हटलं, "तू आहेस की." तो म्हणाला, "माहीत असलेलं बरं." विम्याचे कागदही एका फाइलमध्ये लावून ठेवलेत, वर माझ्या अक्षरापेक्षा चांगल्या अक्षरात नाव घालून. उत्साह आला आहे त्याला हल्ली. मला त्याच्यातला थोडा मिळाला तर हवा आहे.

१७ मार्च, मंगळवार

संचालकांनी बोलावलं. सत्तावीसला यंत्र द्यायचं ठरलेलं आहे.

"दोघांचं मिळून करा," ते म्हणाले.

मी अर्जाची प्रत पुढे ठेवली.

"अर्जात माणूस घाबरून खूप काही लिहितो. तुम्हीच सांगताय की ओळखू येत नाही. तुम्हाला येत नाही, ताईंना येत नाही, भावाला येत नाही, सख्खी बायको फोनवर फसते. मग फरक कुणाला पडतो?"

"त्यांना पडेल."

"त्यांना आवाज मिळेल, मॅडम. नाहीतर काय मिळेल? माफी?"

ते वाईट नाहीत. केंद्र बंद पडू नये म्हणून दिवसातून दहा जणांशी गोड बोलावं लागतं त्यांना. मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बघते." त्यांनी ते हो म्हणून लिहून घेतलं.

१८ मार्च, बुधवार

केलं. दोघांची सगळी वाक्यं घालून आवाज तयार केला. अर्ध्या दिवसाचं काम.

सुंदर आला आहे. एवढा स्वच्छ आवाज आमच्या केंद्राने कधी केला नसेल. मी लिहिलं, 'मला जरा पाणी हवंय', आणि दोघांपैकी कोणीच कधी न वाचलेलं ते वाक्य खोलीत भरदार आवाजात उमटलं. मला वाटलं, दिलं तर काय होईल. त्यांच्या घरात परत बोलणं सुरू होईल. वहिनी स्वयंपाकघरातून ओ देतील. आणि माझी झोप परत येईल, हेही वाटलं. खोटं कशाला लिहू.

ताई उठून बाहेर गेली. बराच वेळ आली नाही.

१९ मार्च, गुरुवार

ताईने मला रेकॉर्डिंगच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. त्या खोलीत दार लावलं की कान दडपल्यासारखे होतात, भिंतींना जाड फोम आहे. ती कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

"तुमची डिस्क मी बंद केली होती," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"दादा आले त्याच आठवड्यात. दुसऱ्या दिवशी वाचता वाचता थांबले, म्हणाले, मागे काहीतरी घुमतंय. मला काही ऐकू येईना. त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. उघडलं तर तुमची डिस्क, मांजर घुरघुरतं तेवढा आवाज. मी वायर काढली. ते म्हणाले, आता कसं. आता माझा मला ऐकू येतोय." मग म्हणाली, "रोज संध्याकाळी परत लावायची असं ठरवलं होतं. दोन दिवस लावलीही. मग राहून गेलं."

सात शुक्रवार.

मी चिडले नाही. चिडायलाही अंगात काही लागतं. माझ्या प्रोग्रॅममध्ये काही अडलं नव्हतं, एवढंच डोक्यात आलं, आणि त्याने बरंही वाटलं नाही.

"सहा तारखेलाच सांगायचं ना, ताई."

"सांगणार होते. रोज सांगणार होते. पण तुम्ही इतक्या दमलेल्या दिसता की तुम्हाला काही सांगायचं म्हणजे अंगावर अजून एक पोतं टाकल्यासारखं वाटतं. माणूस म्हणतो, जाऊ दे, उद्या."

दोघी त्या खोलीत खुर्च्यांवर बसलो. बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. मी तिला विचारलं, घुमतंय असं त्यांनी सांगितलं हे अजून कुणाला माहीत आहे का. ती म्हणाली, कुणालाच नाही.

"मग त्यांना कधी कळता कामा नये."

"लपवायचं?"

"एवढंच. आवाज स्वच्छ यावा म्हणून त्यांनी स्वतः सांगितलं आणि त्यामुळे प्रत राहिली, हे ओझं त्या माणसाला द्यायचं नाही. बाकी सगळं सांगायचं."

"म्हणजे ते मिसळलेलं यंत्र द्यायचं नाही?"

"नाही."

"सरांना काय सांगाल?"

"नाही म्हणून सांगेन."

ताईने डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकतेय."

२१ मार्च, शनिवार

सकाळी नवरा म्हणाला, "बुधवारी दुपारची गाडी आहे. स्टेशनवर यायचं काही नाही, तुझं काम असेल."

"कुठे चाललास?"

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग खुर्ची ओढून बसला.

दोन वर्षांसाठी. त्यांच्या दुसऱ्या गावच्या शाखेत. सहा तारखेला त्याला उत्तर कळवायचं होतं. "मी तुला दोनदा विचारलं," तो म्हणाला. "तू म्हणालीस, हो, बरं, ठरव तू."

"मी ऐकलं नव्हतं."

"ते आत्ता कळलं मला."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर भांडता आलं असतं. म्हणाला, "मला वाटलं, तुला बरंच वाटेल. घर जरा शांत राहील."

मी विचारलं, आता नको म्हणून कळवता येईल का. तो म्हणाला, तिकडच्या माणसाने इकडच्या बदलीचे कागद भरले, त्याच्या मुलांच्या शाळेचंही ठरलं. आता मागे फिरलो तर त्याचं घर लटकेल. महिन्यातून एकदा येईन, तो म्हणाला. मग चहा केला, दोन कप, माझ्यात साखर कमी. बावीस वर्षांत त्याने माझी साखर एकदाही चुकवली नाही. आणि मी मात्र त्याचा प्रश्नच ऐकला नाही.

पाइप, विम्याची फाइल, माळ्यावरची बॅग. सगळं या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

२२ मार्च, रविवार

निवेदकांच्या घरी गेले. कुणाला विचारलं नाही.

दुसरा मजला, जिन्यात सायकल. वहिनींनी दार उघडलं. ते टेबलाशी बसून मटार सोलत होते, गळ्याशी पांढरं फडकं. समोर लहान मुलांची असते तशी पाटी, तिला दोरीने बांधलेला पेन. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. लिहिलं, 'या. यंत्र झालं?'

मी उभ्यानेच सांगितलं. अपडेट, दुरुस्ती, सगळ्याला हो म्हटलं ते, रात्री नक्कल थांबवली नाही ते. कपाटातल्या प्रतीबद्दल, ती बंद पडली होती आणि मी सात आठवडे बघितलं नाही, एवढं. तेही खरंच आहे. दोघांचं मिळून एक यंत्र तयार आहे हेही सांगितलं, म्हणजे पुढे कुणी त्यांना फसवू शकणार नाही.

त्यांनी पाटी शर्टाच्या बाहीने पुसली. 'किती गेली?'

"दोघांची मिळून साडेपाचशे. बाकीची आहेत. पण तुमची कुठली आणि भावाची कुठली, आम्हाला कळत नाही."

त्यांनी लिहिलं, 'मिसळू नका.' खाली रेघ मारली. मग उठले, सोललेले मटार तसेच ठेवून आतल्या खोलीत गेले. दार हळूच लावलं.

वहिनी मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. "आता काही विचारू नका त्यांना," त्या म्हणाल्या. "महिनाभर त्या यंत्राच्या आशेवर दोन घास खातायत."

"रागावलेत?"

"आधी रागावले की बोलायचे, अख्ख्या मजल्याला ऐकू जायचं. आता गप्प असतात तो राग आहे की काय आहे, मलाही नवीनच आहे हे." मग म्हणाल्या, "मी आले असते हो ओळखायला. पण मला कुठे कळतं. दुधाचं सांगितलं का धाकट्याने?"

सांगितलं, म्हटलं.

"सगळ्यांना सांगतो मेला," त्या म्हणाल्या, आणि वळून आत गेल्या.

२३ मार्च, सोमवार

संचालकांना दोन्ही सांगितलं. घरी जाऊन आले ते, आणि मिसळलेला आवाज मी पुसून टाकला ते. त्यांनी पेनला टोपण लावून ठेवलं. म्हणाले, माझ्याविरुद्ध चौकशी लावावी लागेल. मी म्हटलं, लावा. ताई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, माझंही नाव घाला. कारण तिने सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

उरलेल्या फाइलींच्या आज जोड्या लावल्या. एक वाक्य, दोन आवाज. सहाशे एकवीस जोड्या होतात.

२४ मार्च, मंगळवार

उद्या दुपारी नवऱ्याची गाडी. मी रजा टाकली आहे. चौकशीच्या तोंडावर घेतलेली रजा संचालकांना आवडलेली नाही.

तो बॅग भरतो आहे. मी शेजारी बसून हे पत्र लिहिलं. चार कागद फाडले. जाताना ताई धाकट्याकडे देईल, तो दादाला नेऊन देईल. इथे उतरवून ठेवते.

'दादा,

वहिनींनी काही विचारू नका असं सांगितलं होतं. तरी विचारते आहे, त्यांचा त्यात दोष नाही.

तुमच्या अर्जात तुम्ही जे लिहिलं आहे ते मी रोज वाचते. यंत्र पूर्ण होईपर्यंत तुम्हाला तुमचा आवाज ऐकायचा नाही. आणि तुमच्याशिवाय तो कोणी ओळखू शकत नाही. तो नुसता पडून आहे, गेलेला नाही, पण आमच्या कुणाच्या हाती लागत नाही.

सहाशे एकवीस जोड्या आहेत. प्रत्येक जोडीत एकच वाक्य दोनदा, एकदा तुम्ही, एकदा भाऊ. टेबलावर दोन मोठी बटणं ठेवली आहेत. पहिला आवाज तुमचा असेल तर डावं दाबायचं, दुसरा असेल तर उजवं. नक्की वाटत नसेल तर काही दाबू नका, आपोआप पुढची येईल. एका जोडीला दहा सेकंद. तीन सकाळी पुरतील. मध्ये कधीही उठता येईल.

खोलीत मी नसेन, ताई नसेल. दार आतून लावता येतं आणि आतलं बाहेर काही ऐकू येत नाही. वाक्यं घोड्याची आणि छत्रीची आहेत, तुमच्या घरातली नाहीत, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

तुम्ही ऐकलंत तर यंत्रात फक्त तुमचाच आवाज असेल. नाही ऐकलंत तर यंत्र होणार नाही, मिसळलेलं तर कधीच नाही. त्या दिवशी तुम्ही दार लावून घेतलंत तेच मी उत्तर समजायला हवं होतं. याही पत्राला तुम्ही तेच उत्तर द्याल असं धरून चालले आहे, आणि ते दिलंत तर मी परत तुमच्या दाराशी येणार नाही.

शुक्रवारी सकाळी दहाला खोली तुमच्यासाठी उघडी ठेवते. तुम्ही येऊन ऐकाल का?'